सॅम्पल कुणाचं घ्यायचं?



उद्या सकाळी आठ वाजता लॅबचा माणूस वरच्या प्लॉटचं सॅम्पल घ्यायला येणार आहे. यंदा निर्यातीसाठी एवढा एकच प्लॉट नोंदवलाय. गेल्या वर्षी मे महिन्यात जो पाऊस लागला तो दिवाळीपर्यंत हटायचं नाव घेईना. काडीत घडच तयार झाले नाहीत, खालच्या प्लॉटात छाटणीनंतर नुसता पाला निघाला. त्या रडगाण्यावर दोन पोस्टी लिहून झाल्यात, आता पुरे. आज तपासणीवर लिहायचंय. पोस्ट लांब होईल, चहा घेऊन बसा.

विषय निघाला परवा सोसायटीच्या ओट्यावर. आमच्या भावकीतल्या एका पोराचा बाटलीबंद पाण्याचा छोटा प्लांट आहे. तो कावलेला होता. एफएसएसएआयने 2024 च्या नोव्हेंबरात बाटलीबंद पाणी जास्त जोखमीच्या पदार्थांच्या यादीत टाकलं. म्हणजे आता त्याच्याकडं दरवर्षी तपासणी, वरून बाहेरच्या संस्थेकडून ऑडिट. पोरगं म्हणालं, "तात्या, शेजारी बिस्किटाचा गोडाऊन आहे, त्याला कोण विचारत नाही. पाण्यात काय आलीय एवढी जोखीम?"

मी म्हणलं, "बाबा, तू द्राक्षवाल्याच्या घरचा ना? डाऊनी आलाय का नाही हे बघायला सकाळी प्लॉटात गेलास तर पहिल्यांदा कुठं जातोस?"

"ओढ्याकडच्या ओळीत."

"का?"

"तिथं ओल राहते, दव उशिरा उठतं."

"मग सरकारनं तेच केलंय. बिस्किट कोरडं असतं, पाणी ओलं. पाणी बिघडलं तर एका दिवसात दोन-चार गावांची पोटं बिघडतात. सगळ्या ओळी रोज बघायला माणसं नाहीत, म्हणून आधी ओढ्याकडची ओळ."

पोरगं गप्प झालं, पण पटलं असं काही वाटलं नाही. आणि खरं सांगू का, घरी येऊन विचार केला तर मलाही पूर्ण पटलं नव्हतं. कारण ओढ्याकडची ओळ कोणती, हे ठरवतो कोण? यात माझे दोनदा हात पोळलेत. एकदा 2010 ला, एकदा सहा-सात वर्षांपूर्वी. दुसऱ्या वेळेचं आजवर मी या पेजवर लिहिलेलं नाही.

आधी 2010 चं. जुन्या लोकांना आठवत असेल. त्या वर्षी माझा नऊ टन माल एका निर्यातदारामार्फत युरोपला गेला. इथं सॅम्पल घेतलं होतं, लॅबनं पास दिलं होतं, पॅकहाऊसला प्री-कूलिंग होऊन कंटेनर लागला, तीन आठवड्यांचा समुद्रप्रवास झाला. आम्ही हिशोब मांडून बसलेलो. मग निरोप आला, माल तिकडं अडकलाय. कशात, तर सीसीसी.

नव्या पोरांसाठी सांगतो. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड. एप्रिल छाटणीनंतर वेलीचा जोर आवरायला आणि काडीत घड धरायला आपण सगळे ते मारायचो. चोरून नाही, उघड. सल्ला देणारेही तेच सांगायचे. घड तर ऑक्टोबर छाटणीनंतर निघतो, त्याला सीसीसीचा थेंब कधी लागलेला नसतो. पण ते औषध वेलीच्या खोडात-काडीत राहतं आणि पुढं मण्यात उतरतं. युरोपात त्याची मर्यादा होती किलोला 0.05 मिलीग्रॅम. म्हणजे वीस टन द्राक्षात एक ग्रॅम. आपल्या कंटेनरला साधारण 13-14 टन माल बसतो, तेव्हा दीड कंटेनर द्राक्षात चिमूटभर, एवढंच धरा.

आणि आपल्या लॅबनं पास कसं केलं? त्यांनी खोटं केलं नव्हतं. ज्या औषधांची यादी तपासायची ठरलेली होती त्या यादीत सीसीसी नव्हतंच. आपण विचारलं नाही म्हणून दिसलं नाही. तिकडं त्यांनी विचारलं, लगेच दिसलं. एका कंटेनरात दिसलं म्हणून दुसऱ्यात शोधलं, दुसऱ्यात दिसलं म्हणून सगळ्यात. पुढच्या हंगामापासून ते यादीत आलं. माझा पहिला हप्ता मिळाला होता, बाकीचे पैसे आजपर्यंत आले नाहीत. निर्यातदार म्हणाला मला तिकडून मिळाले नाहीत. खरं असेल, खोटं असेल. त्या वर्षी थोरल्या पोरीचं लग्न ठरलं होतं, ते एक वर्ष पुढं ढकललं.

तर जोखीम मोजायची म्हणजे काय, हे मी तेव्हा शिकलो. तपासणारा जे बघायचं ठरवतो तेवढंच त्याला दिसतं.

युरोपची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की तिकडं प्रत्येक पेटी फोडून बघतात. तसं नाही. बाहेरून येणाऱ्या मालाची त्यांची एक यादी असते. त्यात देशाचं नाव, पदार्थाचं नाव, काय शोधायचं ते, आणि शंभरातल्या किती खेपा तपासायच्या तो आकडा. कुठं दहा टक्के, कुठं वीस, कुठं पन्नास. दर सहा महिन्यांच्या आत ही यादी पुन्हा बघतात. माल चांगला येत राहिला तर आकडा खाली, वाईट आला तर वर. भारताच्या नावापुढं त्या यादीत भेंडी येऊन गेलीय, कढीपत्ता येऊन गेलाय, शेवग्याच्या शेंगा, शेंगदाणे, तीळ.

अमेरिकेत अजून वेगळं. तिथं येणाऱ्या प्रत्येक खेपेला संगणक गुण देतो. माल कोणता, कुठून आला, मागवणारा कोण, त्याचा मागचा इतिहास काय. जास्त गुण पडले की माणूस जाऊन तपासतो. त्यांच्या देशातल्या कारखान्यांचंही तसंच. 2011 च्या त्यांच्या कायद्यानं ठरवलं की जास्त जोखमीच्या कारखान्याची तीन वर्षांत निदान एकदा आणि बाकीच्यांची पाच वर्षांत एकदा तपासणी झालीच पाहिजे. तीन वर्षांत एकदा! आमचं पाण्यावालं पोरगं हे ऐकून म्हणालं, मग मी अमेरिकेतच प्लांट टाकतो.

मला त्यातली अमेरिकेची गोष्ट जास्त पटते, कारण ती निदान इतिहास बघते. युरोपची यादी देश आणि पीक बघते. म्हणजे कुणीतरी भेंडीवर नको ते औषध मारलं की ज्यानं मारलं नाही त्याचीही भेंडी विमानतळावर दोन दिवस पडून राहणार. भेंडीला दोन दिवस म्हणजे काय ते भेंडीवाल्याला विचारा. पण त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यांनी करायचं काय? त्यांना माझा बांध दिसत नाही. त्यांना पेटीवर फक्त देशाचं नाव दिसतं.

द्राक्षाच्या बाबतीत तो बांध दिसायची सोय आपण केलीय, आणि याचं श्रेय अपेडाला द्यायलाच पाहिजे. ग्रेपनेट 2006-07 च्या हंगामापासून सुरू झालं. प्लॉटची नोंदणी, प्लॉटला नंबर, कृषी खात्याच्या माणसाची भेट, फवारणीची वही, काढणीआधी सॅम्पल, आणि पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची लॅब सगळ्यांवर नजर ठेवून. पेटीवरच्या नंबरावरून तिकडचा दुकानदार थेट माझ्या प्लॉटापर्यंत येऊ शकतो. सॅम्पल फेल गेलं तर त्या प्लॉटवर अलर्ट लागतो, शेजाऱ्याच्या प्लॉटवर नाही. मला सुरुवातीला ही वहीची कटकट वाटायची. आता वही घरातल्या देव्हाऱ्याच्या फळीवर असते. बायको हसते, पण तिथंच ठेवते.

आता तिळाचं सांगतो, कारण ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नव्हती. 2020 च्या सप्टेंबरात बेल्जियममध्ये भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साईड सापडलं. हा वायू जंतू मारायला वापरतात, युरोपात खाण्याच्या मालावर त्याला बंदी आहे. मग शोध सुरू झाला आणि तीळ कुठं कुठं गेलाय ते निघालं. पावात, बिस्किटात, मसाल्यात. देशोदेशीच्या दुकानांतून माल परत काढला. ऑक्टोबरअखेरीस युरोपनं ठरवलं की भारताच्या तिळाच्या निम्म्या खेपा तपासायच्या.

पण तो वायू तिळात मारतात तरी कशासाठी? साल्मोनेला नावाच्या जंतूसाठी. भारतातल्या तिळात साल्मोनेला सापडतो म्हणून युरोप आधीपासून तेच शोधत होता. खेप तिथं अडकू नये म्हणून वायू देऊन जंतू मारायचा हा सोपा रस्ता. साल्मोनेलात पास, वायूत नापास. म्हणजे तपासणीचा उजेड जिथं पडला तिथून जोखीम उठली आणि शेजारच्या अंधारात जाऊन बसली. आणि ज्यानं तीळ पेरला, खुरपला, झोडला त्या शेतकऱ्यानं यातलं काहीच केलं नव्हतं. ते सगळं गोडाऊनमध्ये झालं. भाव मात्र त्याचा पडायची भीती.

आता माझं.

सहा-सात वर्षांपूर्वी खालच्या प्लॉटाचं सॅम्पल फेल गेलं. रिपोर्टवर एका औषधाचं नाव होतं, आकडा 0.04. मर्यादा 0.01. मी वही काढली, पानं उलटली. ते औषध मी त्या हंगामातच काय, आयुष्यात कधी विकत घेतलं नव्हतं. लॅबवर चिडलो. फोन केला. तिकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, एखादं जैविक मारलंय का?"

मारलं होतं. भुरीसाठी, तालुक्याच्या एका दुकानातून आणलेलं. बाटलीवर हिरवं पान, मोठ्या अक्षरात ‘रेसिड्यू फ्री’, आणि आत काय आहे ते कुठंच नाही. दुकानदार म्हणाला होता, "तात्या, निर्यातवाले सगळे हेच नेतात." रिझल्ट तर असा आला होता की दोन दिवसांत भुरी साफ. तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. जैविकानं दोन दिवसांत भुरी जात असती तर रासायनिकवाल्यांनी दुकानं कधीच बंद केली असती. बाटलीत बोटभर उरलं होतं, ते पदरचे पैसे घालून तपासून घेतलं. तेच नाव निघालं.

मी दुकानात गेलो. तो म्हणाला, माझ्याकडून नेलंय कशावरून? पक्कं बिल नव्हतं. मी मागितलंच नव्हतं, बिलाचे जास्त लागतात म्हणून. इथं माझीही चूक आहे, लिहून ठेवतो.

माझ्यासारखे बरेच जण असतील. द्राक्षपट्ट्यात ही गोष्ट कुणापासून लपलेली नाही. जैविक म्हणून विकायचं आणि आत रासायनिक घालायचं. 2021 च्या फेब्रुवारीत केंद्रानं बायोस्टिम्युलंट खत नियंत्रण आदेशाच्या खाली आणले, ते बरं झालं. त्याआधी अशा बाटल्यांना धड आईबाप नव्हता. कीटकनाशकांना 1968 चा कायदा आहे, खतांना खताचा आदेश, आणि या दोन्हींच्या मधल्या बोळातून ही बाटली येते.

आता बघा, अलर्ट कुणावर लागला? माझ्या प्लॉटवर. जोखीम कुठं जन्मली? कुठल्यातरी शेडमध्ये, ड्रममध्ये. एका ड्रममधून शंभर शेतकऱ्यांकडं बाटल्या गेल्या असतील, शंभर प्लॉटवर शंभर अलर्ट, शंभर सॅम्पलचे पैसे. त्या ड्रमचं एक सॅम्पल ऑक्टोबरात कुणी घेतलं असतं तर?

एवढ्यावर गोष्ट संपत नाही. मला वाटत होतं इथंच थांबावं, पण मग ही पोस्ट लिहिण्यात अर्थ नाही.

अलर्ट लागला म्हणजे प्लॉट कायमचा बाद होत नाही. काही दिवस थांबून, औषधाचा अंश उतरला की पुन्हा सॅम्पल देता येतं. पण माल तयार होता, गोडी आली होती, आणि हवामान खातं अवकाळीचा अंदाज देत होतं. मणी तडकले की निर्यातही गेली आणि लोकलही गेलं. मी दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी तो माल लोकल व्यापाऱ्याला दिला. निर्यातीला सत्तरचा भाव ठरला होता, इथं अठ्ठावीसनं गेला. व्यापाऱ्यानं गोडी बघितली, मण्याचा आकार बघितला, रंग बघितला. रिपोर्ट मागितला नाही. मी दाखवला नाही. संध्याकाळी गाडी भरून निघून गेली. कुठं गेली, माहीत नाही. त्या पेट्यांवर नंबर नव्हता.

त्याच आठवड्यात आक्का आली होती नातवंडं घेऊन. जाताना नेहमीसारख्या दोन पेट्या द्यायच्या म्हणून मी खालच्या प्लॉटाकडं निघालो, जवळ होता म्हणून. बायको मागून म्हणाली, "अहो, आक्कांना त्या खालच्या प्लॉटातले नका देऊ. वरच्या प्लॉटातले द्या."

मी काही बोललो नाही. वर गेलो, वरच्या प्लॉटातले तोडले, दोन पेट्या भरून गाडीत ठेवल्या.

फेल म्हणजे विष, असं मी म्हणत नाही. याबद्दल उगाच घाबरवणाऱ्या पोस्टी फिरतात त्या मला आवडत नाहीत. 0.01 म्हणजे शंभर टनांत एक ग्रॅम, म्हणजे सात कंटेनरमध्ये एक ग्रॅम. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला युरोप सरसकट हा आकडा लावतं. आपल्या देशाच्या मर्यादा वेगळ्या आहेत, काही ठिकाणी जास्त आहेत. कदाचित माझा तो माल आपल्या नियमात चोख बसत असेल. पण मी ते बघितलंच नाही. बघायची गरजच पडली नाही, कारण कुणी विचारणारं नव्हतं. आणि तरी आक्काच्या नातवंडांना वरच्या प्लॉटातले दिले. म्हणजे जोखीम बघून कुणाला काय द्यायचं हे आमच्या घरात बरोबर कळत होतं.

ट्रेनिंगला एकदा शिकवणाऱ्या सरांनी अमेरिकेतल्या शेंगदाण्याच्या कंपनीची गोष्ट सांगितली होती. 2008-09 ची. शेंगदाण्याच्या मालात साल्मोनेला, 700 च्या वर माणसं आजारी, नऊ मेली. कंपनीकडं स्वतःच्या मालाचे वाईट रिपोर्ट होते आणि तरी माल गेला. मालकाला 2015 मध्ये 28 वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर तिकडं नुसता कारखाना बघायचा नाही, कागदही उघडून बघायचे, यावर जोर आला. सगळे ट्रेनिंगला माना डोलावत होते. मी खाली बघत होतो. माझा रिपोर्ट तेव्हाही कपाटात होता. त्यांच्या पापाशी माझी बरोबरी नाही हे मला कळतं. पण कपाटातला कागद तो कागदच.

आपला कायदा काय म्हणतो? अन्नसुरक्षा कायदा 2006 चा, 2011 च्या ऑगस्टपासून लागू. त्याच्या कलम 18(3) मध्ये स्पष्ट आहे की शेतकरी, मच्छीमार आणि शेतातलं पीक यांना हा कायदा लागू नाही. ते तसंच राहावं असं माझं मत आहे. एका एकराच्या माणसाला लायसन आणि दंड यात ओढलं तर तो शेती सोडेल आणि वरून हप्ते सुरू होतील ते वेगळेच. पण मग कायदा सुरू होतो तो व्यापाऱ्यापासून, आणि तिथं मालावर माझा नंबर नसतो. सरकार देशभरातल्या बाजारांतून भाजीपाला-फळांची सॅम्पलं घेऊन अवशेष बघतं, 2005-06 पासून ती योजना चालू आहे. तिचा रिपोर्ट पिकाचा येतो. टोमॅटोत इतकं, वांग्यात इतकं. कुणाच्या वांग्यात, ते त्यातून माझ्यासारख्याच्या बांधापर्यंत आलेलं मी तरी बघितलं नाही. ज्या ज्या मार्केटला माझा लोकल माल गेला तिथून आजवर एकदाही ‘तात्या, तुमच्या मालात हे सापडलं’ असा फोन नाही. चांगला सापडला असाही नाही.

तेव्हा जोखीम बघून तपासणीला माझा पाठिंबा आहे, पण ओढ्याकडची ओळ बरोबर धरा. पहिली ओळ म्हणजे बाटली. जिथं औषध बनतं, भरतं, विकलं जातं तिथं. आणि सप्टेंबर ते डिसेंबर, जेव्हा फवारे चालू असतात तेव्हा. उन्हाळ्यात दुकानातून बाटली उचलून काय उपयोग, तोपर्यंत ती माझ्या मण्यातून लोकांच्या पोटात गेलेली असते. ज्या प्लॉटचं सॅम्पल फेल गेलं त्याची फवारणी वही लॅबकडं असतेच. दहा फेल वह्यांमध्ये एकाच बाटलीचं नाव दिसलं तर तपासणी अधिकाऱ्याला आणखी काय पुरावा पाहिजे? ही माहिती आज वेगवेगळ्या टेबलांवर पडून आहे. कृषी खात्याचा निरीक्षक वेगळा, अन्न व औषध प्रशासनाचा वेगळा, निर्यातीचे वेगळे. दिवाळी आली की खवा पकडतात, चांगलंच करतात. खव्याला जशी दिवाळी, तशी बाटलीला छाटणी.

दुसरं, लोकल पेटीवर प्लॉटचा नंबर. सक्ती नको. ज्याला लावायचाय त्याला लावू द्या, आणि ज्याचं तीन वर्षं सॅम्पल चांगलं आलं त्याचं चौथ्या वर्षी कमी वेळा घ्या. व्यापारी दोन रुपये जास्त देईल का? आमचा पुतण्या म्हणतो, "तात्या, काही देत नाय. उलट नंबर असला की भाव पाडायला कारण मिळंल." त्याचं म्हणणं अगदी चूक नाही. ग्रेपनेट चाललं ते युरोपनं दार अडवलं म्हणून. आपल्या मार्केटचं दार अडवणारं कोण? डोंबिवलीत, नागपुरात द्राक्ष घेणारी बाई रिपोर्ट मागत नाही, ती म्हणते गोड आहेत का. याचं उत्तर माझ्याकडं पूर्ण नाही.

बाहेरून येणाऱ्या मालाचंही थोडं बोलतो, नाहीतर सांगलीकडचे मित्र रागावतील. बंदरावर रीतसर उतरणाऱ्या मालाची एफएसएसएआय तपासणी करतं, कागद बघतं, सॅम्पल घेतं. इथं पोचल्यावर 60 टक्के टिकवणकाळ किंवा मुदत संपायला तीन महिने, यातलं जे कमी असेल तेवढं तरी शिल्लक पाहिजे असा 2017 चा नियम आहे. हे सगळं सरळ वाटेनं येणाऱ्याला. चीनचा बेदाणा दुसऱ्याच देशाच्या नावानं आडवाटेनं येतो ही तासगाव-सांगलीच्या बेदाणावाल्यांची ओरड आहे. ती खरी असेल तर तो माल तपासणीसमोर उभाच राहत नाही. ज्याची जोखीम सगळ्यात जास्त तोच यादीत नाही. आमच्या सीसीसीसारखंच झालं हे.

पाण्यावाल्या पोराला मी काल परत भेटलो. म्हणलं, तुझी तपासणी होऊ दे, पण आलेल्या माणसाला बोअरची टाकी आधी दाखव, मशीन नंतर. तो म्हणाला, "तात्या, टाकीच तर दाखवायची नाहीये." हसला. मीही हसलो. मग म्हणाला, रविवारी टाकी धुऊन घेतो.

उद्याचं सांगून थांबतो. लॅबचा माणूस नियमानं सगळ्या प्लॉटातून फिरून थोडं थोडं घेतो. मी त्याला म्हणणार आहे, ओढ्याकडच्या शेवटच्या दोन ओळी चुकवू नको. तिथं ब्लोअर वळतो आणि औषध दुप्पट पडतं, हे तुम्हाला माहीतच आहे. रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील. आला की इथं फोटो टाकतो, पास असो नाहीतर फेल.